केतकीचा रंग

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी काहीच वाटलं नाही. तिला कावीळ झाली तेव्हा मात्र पेढे वाटले. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, अशी सरळ वाटणी आमच्या घरात ठरलेली होती. मुलगी झाली, बर्फी काही मी केली नाही. चौथ्या दिवशी ती एकदम उजळली, गोरी झाली असं मला वाटलं, आणि मी कंबर बांधून उठले आणि पेढे केले. तेही लीड्समध्ये, दूध पावडर आणि कन्डेन्स्ड मिल्कच्या डब्यावर. बी.एस्सी. झालेली बाई होते मी, विषय रसायनशास्त्र. पिवळा रंग कशाने येतो हे परीक्षेत चार ओळींत लिहून पहिला वर्ग मिळवलेली. आज तेव्हाच्या मला, त्या सुनंदाबाईंना, समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत असं फार वाटतं. पण ती उत्तर द्यायची नाही, ती आरशात बघत असेल.

कारण मी गोरी होते. हे मीच सांगते आहे, कारण सांगणारी माणसं आता उरली नाहीत. माझ्या माहेरी शिक्षण, पैसा, घर, सगळं बेताचं; गोरेपण तेवढं भरपूर. माझं लग्न ठरलं तेही बरंचसं त्याच्या जोरावर. श्रीकांत विलायतेत हाडांचा डॉक्टर होता, मुलगा हुशार, शांत, पण रंगाने चांगलाच सावळा, आपल्या आईसारखा. बघायला आले तेव्हा माझी आई आत येऊन कुजबुजली, "रंगाचं काय, तुझी मुलं तुझ्यावर जातील." जशी काही मुलं आईवर जायची की बापावर हे तीच बसून ठरवत होती. मी मान डोलावली. लग्न झालं, आणि सहा महिन्यांनी मी दोन स्वेटर एकावर एक घालून विमानात बसले.

आम्हांला हॉस्पिटलच्या आवारातच फ्लॅट मिळाला होता. दोन खोल्या, एक लांबट किचन, आणि सगळीकडे जाड नारिंगी पडदे. ज्याने कोणी ते पडदे निवडले त्याला ऊन म्हणजे काय हे कुणीतरी फक्त वर्णन करून सांगितलं असावं. झोपण्याच्या खोलीत शिरलं की आपण मुरंब्याच्या बरणीत उतरलोय असं वाटायचं. दिवा लावला की तोही पिवळा, त्यावर कागदाची गोल शेड. सकाळी दूधवाल्याच्या बाटल्या खणखणायच्या, मग वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सचा रेडिओ, मग दिवसभर काही नाही. ते "काही नाही" मला पहिल्यांदा इथे ऐकू आलं. श्रीकांत पहाटे जायचा आणि रात्री यायचा. डिसेंबरात तिकडे सकाळी आठपर्यंत काळोख आणि दुपारी चारला पुन्हा काळोख, त्यामुळे आठवडेच्या आठवडे आम्ही एकमेकांना फक्त दिव्याखाली पाहत होतो. त्यात मला कधी काही कमी वाटलं नाही. दिव्याखाली तोही जरा उजळ दिसायचा.

दिवस गेले तेव्हा ज्या मिडवाइफकडे माझं नाव लागलं ती डोरीन. पन्नाशीची, रुंद हाडाची, गालांवर बारीक लाल रेषांचं जाळं, आणि बोटं कायम गार. पोटाला हात लावण्याआधी ती ते काखेत धरून गरम करायची आणि म्हणायची, "सॉरी, लव." ती सगळ्यांनाच लव म्हणायची, मला, श्रीकांतला, दूधवाल्याला. सुरुवातीला मी लाजून गोरीमोरी व्हायचे. मग कळलं की यॉर्कशरमध्ये त्याचा अर्थ आपल्या "अगं बाई" इतकाच. क्लिनिकमध्ये माझं पोट टेपने मोजलं की आकडा नेहमी कमी यायचा. पहिल्या वेळी मी घाबरले. डोरीनने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवर थोपटत म्हणाली, "काळजी नको, लव. तुमची बाळं छोटीच असतात." मोठे डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं, फक्त लव न म्हणता. मला इतकं बरं वाटलं! तो तक्ता त्यांच्या बायकांचा होता, आपला नव्हता, त्यामुळे त्यावर आपण कुठे आहोत याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. घरी येऊन मी निवांत पोहे खाल्ले.

पण मी तरी काय वेगळी होते? बायकांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं गोरं बाळ रात्रंदिवस भोकाड पसरायचं, तेव्हा मी मनात म्हणायचे, यांची पोरं हट्टीच. आमची बघा कशी शहाणी. डोरीन त्यांच्या बाजूने एक रेघ मारून बसली होती, मी माझ्या बाजूने. मधे ते सव्वादोन किलोचं गाठोडं.

रविवारी मुलगी झाली. सावळी, चक्क सावळी, कानाच्या पाळ्या तर जांभळट. काळेभोर केस कपाळावर उतरलेले. श्रीकांतने तिला हातात घेतलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी पटकन दुसरीकडे पाहिलं. "अगदी आईसारखी आहे," तो म्हणाला. त्याची आई. मी म्हटलं, "हो ना." संध्याकाळी पुण्याला फोन लागला. लाइनमध्ये आपलाच आवाज परत ऐकू यायचा, त्यामुळे माणूस स्वतःशीच भांडतोय असं वाटायचं. माझ्या आईचा पहिला प्रश्न, "बाळंतपण नीट झालं ना?" आणि दुसरा, श्वास घ्यायच्या आत, "रंग कुणावर गेलाय?" मी म्हटलं, "अजून कळत नाही." खोटं. चांगलं लख्ख कळत होतं. "डाळीचं पीठ, साय आणि हळद लाव रोज," आई ओरडली, "उतरतो रंग पहिल्या महिन्यात." आणि लाइन तुटली.

वॉर्डात गर्दी होती म्हणून मंगळवारीच आम्हांला घरी पाठवलं. बाळंतिणीचं करायला माझी आई नव्हती, सासूबाईंचा व्हिसा व्हायचा होता, तेव्हा लतावहिनी धावून आल्या. त्यांचे यजमान भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलच्या पलीकडच्या रस्त्यावर घर. वहिनी म्हणजे नाशिकचं पाणी, एका हाताने पोराला आंघोळ घालतील आणि दुसऱ्या हाताने फोडणी. केमिस्टकडे कानात घालायला ऑलिव्ह तेलाच्या चिमुकल्या बाटल्या मिळत, त्या अर्धा डझन घेऊन आल्या तेव्हा दुकानदाराने म्हणे विचारलं, घरात कितीजणांचे कान दुखतात. ब्रॅडफर्डहून मेथी आणली, पोलिश बाईच्या दुकानातून शेपू. किचन डिंकाच्या वासाने भरून गेलं. किचनच्या सिंकशेजारी, पाय पसरून, त्यांनी पोरीला तेल लावलं, मग डाळीचं पीठ, साय आणि हळद. पाणी पिवळं होऊन वाहून गेलं. टॉवेल पिवळा झाला. माझे हात पिवळे झाले. सगळं घर पिवळं होतं हो, आता कुणाला काय दिसणार!

बुधवारी सकाळी मी दुपट्यातून पोरीचं तोंड बाहेर काढलं आणि थबकले. कपाळ, नाकाचा शेंडा, गाल, सगळं उजळलेलं. सावळेपणाच्या आतून सोनेरी काहीतरी वर आलं होतं. मी तिला किचनच्या खिडकीशी नेलं. बाहेर कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. पिकलेल्या केवड्याच्या पानासारखी दिसत होती ती. मी तिथेच उभी राहून खुदकन हसले. वहिनींना हाक मारली. त्या कणीक मळताना हात वर धरून आल्या, न्याहाळलं, म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की! लागली हो हळद!" त्याच क्षणी मी तिचं नाव ठरवलं, केतकी. श्रीकांतच्या मनात श्यामला होतं. ते मी केमिस्टच्या रिकाम्या बाटलीबरोबर टाकून दिलं. आणि पातेलं चढवलं.

केतकी आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे, कौन्सिलच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे नामंजूर करते. मी हे लिहिते आहे म्हटल्यावर मला म्हणाली, "आई, तू हे काय लिहितो? लोक म्हणतील मी बिचारा आहे." मराठीतल्या लिंगांचं आणि तिचं पहिल्यापासून पटलेलं नाही. मी म्हटलं, तुझ्याबद्दल नाही गं, माझ्याबद्दल आहे. "मग छान," म्हणाली, "मग लिही, तुला आवडते तुझ्याबद्दल." आणि मी पुढे बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिने कानामागे बोट नेऊन मशीन बंद केलं. हे हत्यार जगातल्या किती मुलींकडे असेल!

तर पेढे. गुरुवारी सकाळी डोरीन नेहमीसारखी आली. बाळंतपणानंतर दहा दिवस मिडवाइफने घरी येऊन बघायचं, अशी तिकडची पद्धत. ती आल्याबरोबर पुढच्या खोलीचे पडदे सरकवायची, कारण त्या नारिंगी उजेडात तिला स्वतःचे हातही ओळखू यायचे नाहीत. तिने केतकीला उघडी करून गुडघ्यावर घेतलं, नाळ पाहिली, वजन केलं. दूध किती वेळ पिते विचारलं. मी म्हटलं, जास्त नाही, पितापिता झोपते, फार शहाणी आहे. डोरीनने पोरीला उचललं आणि खिडकीकडे नेलं. तिथे जरा वेळ उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मग अंगठ्याने तिचं नाक हलकेच दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. वळली आणि म्हणाली, "सुनंदा, लव, हिचा रंग..."

"हो ना!" मी इतक्या जोरात म्हटलं की पोर दचकायला हवी होती. दचकली नाही. "बदलला ना? तुम्हांलाही दिसला ना? जन्मली तेव्हा केवढी काळी होती! आमच्यात होतं असं, हळद लावली की उजळतात. माझी आई म्हणालीच होती." आणि ताटली पुढे केली. डोरीनने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात बाळात अडकलेले. तेव्हा मी पेढा उचलला आणि आपल्याकडे हळदीकुंकवाला मैत्रिणीला भरवतात तसा सरळ तिच्या तोंडात घातला. अख्खा. बिचारी चावत राहिली, डोळे मोठे करून. घास खाली गेल्यावर म्हणाली, "फजसारखं लागतं." फज म्हणजे त्यांची दूध-साखरेची वडी. मी आणखी दोन कागदात बांधून दिले. दाराशी तिने विचारलं, "नवरा बघतो ना रोज हिला? डॉक्टर आहे ना तो?" मी अभिमानाने म्हटलं, "रोज!" ते खोटं नव्हतं. दिव्याखाली रोज बघत होता.

त्याच संध्याकाळी पाचवीची पूजा. सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. लीड्समध्ये पाटा कुठला? वहिनींनी आपला पेस्ट्री लाटायचा संगमरवरी फळा आणला. लेखणी म्हणून मी श्रीकांतच्या खिशातलं औषध कंपनीचं बॉलपेन ठेवलं. वरण-भात, वड्या, बटाट्याची भाजी, आणि पेढे. आमच्या ओळखीची मराठी घरं आली होती. आता हे लिहिताना हसू येतं, पण त्या खोलीत त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्यासकट पाच डॉक्टर होते. एक हाडांचा, एक भूल देणारा, एक मनाचा, एक दातांचा, आणि एक बाई ज्या नुसता रक्ताचा अभ्यास करायच्या! कागदी शेडच्या पिवळ्या दिव्याखाली केतकी हातोहात फिरली. "छान उजळली हं!" "आईवर गेली!" "सुनंदा, आता मुलगा नको म्हणशील!" रक्तवाल्या बाईंनी तर तिची पापी घेतली. श्रीकांत रात्रभर ड्यूटी करून आला होता, पानावर बसल्याबसल्या डुलक्या घेत होता. मी त्याला कोपराने ढोसलं, "बघा तरी, मुलगी गोरी झाली." तो डोळे न उघडता म्हणाला, "हं."

शुक्रवारी केतकी प्यायलाच उठेना. मी म्हटलं, कालची दगदग. डोरीन आली, घाईत होती, तिच्याकडे आणखी दोघींच्या तारखा उलटल्या होत्या. तिने पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. पोर रडली, पण ते रडणं बारीक, टोकदार, मांजराच्या पिल्लासारखं. आणि मान मागे टाकली. "असंच रडते का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "रडतच नाही कधी. आमची बाळं शांत असतात." ती म्हणाली, "उद्या पुन्हा येते, लव." जाताना दारात थांबली, बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि गेली.

शनिवारी श्रीकांतला सुटी होती. पोर जन्मल्यापासूनची पहिली. तो उशिरापर्यंत झोपला, उठला, चहा घेतला, आणि खिडकीत जाऊन नारिंगी पडदा बाजूला केला. रात्री बर्फ पडलं होतं. सगळं आवार पांढरं झालेलं, आणि त्या पांढऱ्याचा उजेड खोलीत आला तो इतका स्वच्छ की भिंतीवरचे ओघळ दिसायला लागले. "आण तिला," तो म्हणाला, "बर्फ दाखवतो." मी आणून दिली. तो तिच्याशी काहीतरी बोबडं बोलत खिडकीकडे वळला, आणि बोलणं मधेच थांबलं. त्याने एका बोटाने तिची पापणी वर केली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. मी मागे उभी होते, मला त्याच्या खांद्यावरून तो दिसला. अळवाच्या वडीवर डाळीचं पीठ लावतात त्या रंगाचा. तो वळला नाही. म्हणाला, "सुनंदा, कोट घाल."

नंतरचं मी सांगते, पण त्यात मला काय वाटलं असं विचारू नका. काही वाटलं नाही. त्या दिवसापासून पुढे फार काळ मला काही वाटलंच नाही. आवार ओलांडून आम्ही चालत गेलो, बर्फात माझी चप्पल रुतली ती मी तिथेच सोडली. एका छोट्या खोलीत केतकीला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर कापसाची पट्टी. मग तिच्या नाळेतून थोडं थोडं रक्त काढून थोडं थोडं नवीन घालायचं, असं दुपारभर. माझा रक्तगट ओ, श्रीकांतचा बी, पोरीचा बापाचा. माझ्या रक्तातलं काहीतरी तिच्या रक्ताशी भांडत होतं. आपल्याकडे बी गट फार, त्यामुळे आपल्या पोरांत हे बघायलाच हवं, असं तिथल्या तरुण डॉक्टरने श्रीकांतला समजावून सांगितलं. पिवळेपणा फार चढला तर मेंदूपर्यंत जातो आणि कधीकधी कान घेऊन जातो, हेही सांगितलं. श्रीकांतने "हो, हो" केलं, जसं पेशंटचे नातेवाईक करतात. त्याच्या अंगात घरचा स्वेटर होता. कुणी त्याला डॉक्टर म्हणून ओळखलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्या डॉक्टरने मला विचारलं, "पिवळी कधीपासून आहे?" मी लगेच म्हटलं, "बुधवार. सकाळी. साडेनऊ." वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीसारखी. त्याने मान वर करून पाहिलं. इतकं नेमकं कुणाला आठवतं? मला आठवत होतं, कारण मी साजरं केलं होतं. "मिडवाइफ येत होती का?" "रोज." "तिने काही म्हटलं?" मी म्हटलं, "नाही." पेढ्याचं मी बोलले नाही. एका नर्सने भरपूर साखर घातलेला चहा आणून दिला. तो पिताना मी फक्त एवढाच विचार करत होते की पेढ्याचं पातेलं अजून भिजत पडलंय आणि त्याला आता वास यायला लागला असेल.

केतकी वाचली. पिवळेपणा उतरला, आणि खालून तिचा आपला रंग पुन्हा वर आला, सावळा, तुकतुकीत. सासूबाई तीन आठवड्यांनी पोचल्या. सातारच्या, उंच, लेकासारख्याच सावळ्या, कमी बोलणाऱ्या. ट्रंकेत डिंकाचे लाडू आणि बारीक घुंगरांचे चांदीचे वाळे. त्यांना सगळं कळलेलं होतं, हळदीपासून पेढ्यांपर्यंत. वहिनींच्या पोटात काही राहणं शक्य नव्हतं. त्यांनी नात मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "हां. आता आमची वाटते." बास. त्यावर एक शब्द नाही, तेव्हा नाही आणि पुढे मरेपर्यंत नाही. मला वाटत होतं, बोलतील. बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. बारशाला नाव काय ठेवायचं हे त्यांनीच विचारलं. श्रीकांत म्हणाला, "केतकीच राहू दे." का, ते मी विचारलं नाही.

वाळे घातले. ती पाय झाडायची आणि घुंगरं वाजायची. पाचव्या महिन्यात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की घरात येईल तो त्या आवाजाकडे बघतो, फक्त तीच बघत नाही. श्रीकांतच्या हाकेला वळायची. दार आपटलं की वळायची. घुंगरांना नाही, बाटलीवर चमचा वाजला तर नाही. मी कुणाला बोलले नाही. मी वाळे काढून ठेवले, एवढंच. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, टोचतात.

आठव्या महिन्यात कानांची तपासणी असते. केतकीला माझ्या मांडीवर बसवलं, समोर एक बाई हातात बाहुली घेऊन, मागे दुसरी बाई, हेल्थ व्हिजिटर म्हणजे लहान मुलांची सरकारी नर्स, दिसणार नाही अशी. मागच्या बाईने हलकेच हुंकार दिला. केतकी वळली, हसली. मग तिने एक छोटा खुळखुळा वाजवला, बारीक, पाऊस पत्र्यावर सुरू होताना वाजतो तसा. मला स्पष्ट ऐकू येत होता. केतकी बाहुलीकडे बघत राहिली. दुसऱ्या कानाशी वाजवला. बाहुली. समोरच्या बाईने नजर वर करून मागच्या बाईकडे पाहिलं. मी मांडी हलवावी, आवाजाच्या दिशेला पोर थोडी कलती करावी, असं मला वाटलं. गुडघा उचललाही होता. मग खाली ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी भरल्या वांग्यांचा रस्सा केला, आणि तो चांगला झाला होता, असं आठवतं. श्रीकांत ओट्याशी उभा राहूनच जेवला.

मला डोरीन पुन्हा दिसली ती केतकी अडीच वर्षांची असताना, बाजारात. शनिवारच्या त्या दिवसानंतर आमच्याकडे दुसरी मिडवाइफ यायला लागली होती. डोरीनचं काय झालं मी विचारलं नव्हतं. मी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत होते आणि केतकी माझ्या कोटाला धरून उभी होती, दोन्ही कानांमागे शिंपल्याएवढी दोन मशिनं, पायांत लाल बूट. मासळीच्या गाळ्याकडून डोरीन आली, हातात कागदात गुंडाळलेला मासा. आधी तिने मला ओळखलं, मग पोरीला, मग मशिनं. मासा तिने काखेत धरला, तेव्हा मला तिचे गार हात आठवले. ती केतकीसमोर उकिडवी बसली, तोंड तिच्या तोंडासमोर आणून, सावकाश म्हणाली, "हॅलो, केतकी." नाव बरोबर म्हणाली. केतकीने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि आपला बूट दाखवला.

मी बोलत सुटले. कसं सगळं छान चाललंय, शाळेत बोलायला शिकवणारी बाई कशी चांगली आहे, ही आता "आई" म्हणते, "बाबा" म्हणते, "स" तेवढा तिला येत नाही. डोरीन उठली. गुडघा कडकन वाजला. मी भाजीवाल्यासमोर हात पसरून बोलतच होते, तिने मला मधे थांबवलं. माझ्या बाहीला हात लावून थांबवलं. त्या वेळी जे करायला हवं होतं ते तिने आत्ता केलं, असं माझ्या मनात आलं. ती जे इंग्रजीत बोलली ते मी जसंच्या तसं मराठीत लिहिते आहे, कमी नाही, जास्त नाही.

"मला दिसलं होतं, लव. गुरुवारीच दिसलं होतं. पण तू एवढी खूश होतीस, आणि मला वाटलं, तुमच्यात असंच असतं."